रुळांना चांदीचा रंग

गाडी जागची हलेना. मंगळवारची भरदुपार, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि टेबलावर वीतभर लांबीचं इंजिन ढिम्म उभं. बुधवारी सकाळी अकराला हेडऑफिसचे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते.

मी तेव्हा रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्ट्रक्टर होतो. मूळचा मिरजेचा, ऐंशीच्या दशकात बदली होऊन मद्रासला आलेला. आमच्या छोट्या ट्रेनिंग सेंटरमध्ये एक मॉडेल रूम होती. लांबलचक टेबलावर दोन स्टेशनं, त्यांच्यामध्ये रूळ, गाडीचा मार्ग बदलणारे सांधे, सिग्नल, आणि कडेला लिव्हरची रांग. नवे स्टेशन मास्तर इथे लिव्हर ओढायला शिकत. चूक व्हायची ती खेळण्यातल्या गाडीच्या बाबतीत व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू.

साहेबांचं पत्र आधीच आलं होतं. जागेची टंचाई आहे, मॉडेल बंद असेल तर मोडीत काढून खोली जुन्या फायलींना द्यावी, निर्णय साहेब स्वतः प्रत्यक्ष पाहून घेतील. माझा त्या खोलीवर फार जीव होता. तिथे फायलींचे गठ्ठे रचलेले मला बघवणार नव्हते.

इन्स्पेक्शन म्हटलं की रेल्वेत आधी रंग येतो. कुंपण, बादल्या, झाडांचे बुंधे, वाटेकडेचे दगड, सगळ्यांवर हात फिरतो. साहेबांच्या वाटेत झोपणारं कुत्रं तेवढं सुटतं. मीही सोमवारी लेखी ऑर्डर काढली होती, ‘मॉडेल रूम पूर्ण रंगवून घ्यावी.’ आमचे सीनियर टेक्निशियन एळुमलै हे ऑर्डरचा शब्द न् शब्द पाळणारे गृहस्थ. त्यांनी पूर्ण रंगवली. स्टेशनं पिवळी, सिग्नलचे खांब काळे-पांढरे, रूळ चांदीसारखे चकचकीत. मी बघून खूश झालो आणि त्यांना कॉफी पाजली.

मंगळवारी बटण दाबलं आणि गाडी उठेना.

मी मीटर घेऊन टेबलाखाली शिरलो. मॉडेलच्या गाडीला वरून तार नसते. बारा व्होल्टचा करंट रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरमध्ये जातो. टेबलाखाली रुळांना जोडलेल्या वायरींवर बारा व्होल्ट बरोबर येत होते. इंजिन उचलून त्याला थेट वायरी लावल्या, तर चाकं भिरभिर फिरली. म्हणजे करंट ठीक, इंजिन ठीक, आणि गाडी मात्र ठप्प. मी एकेक जोड उकलला आणि परत बसवला. दोन तास गेले, शर्ट घामाने चिंब झाला, इंजिन तसूभर सरकलं नाही.

“सार, बँक रावला फोन करू या?” एळुमलै म्हणाले.

मला ते नाव नको होतं.

बँक राव म्हणजे रघोत्तमराव, मैलापूरच्या एका बँकेत ऑफिसर. पिढ्यान् पिढ्या तंजावरचे मराठी. रेल्वेत नोकरी नाही, नातेवाईक नाही, पण दर रविवारी सकाळी बेसिन ब्रिज स्टेशनजवळ वही घेऊन उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे नंबर टिपत. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी रूळ टाकले होते, त्यामुळे घरची मंडळी जमिनीवर पाट मांडून जेवत. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की ते आमच्या मॉडेल रूममध्ये हजर. मी त्यांची भरपूर थट्टा करी. “राव, रेल्वे चालवायला आम्हाला पगार मिळतो, तुम्हाला काय मिळतं?” ते नुसते हसत.

आता त्यांनाच बोलवायचं म्हणजे मिशा उतरवण्यासारखं होतं. पण फायलींचे गठ्ठे डोळ्यांपुढे आले आणि मी फोन फिरवला.

ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसने आले. हातात बँकेची बॅग आणि रिकामा टिफिन. मी मीटर पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवला, गाल जवळजवळ टेबलाला टेकवून एका डोळ्याने रुळांची रेघ पाहिली, मग रुळावरून बोट फिरवून वास घेतला.

“रंग लाविलात की?”

“हो. इन्स्पेक्शन आहे ना.”

“अस्कं रंगविलात?” अस्कं म्हणजे सगळं, त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची.

“पूर्ण,” एळुमलैंनी अभिमानाने माझी ऑर्डर दाखवली.

“रुळांचे डोके पण?”

आता माझ्या लक्षात आलं. चांदीचा रंग दिसतो धातूसारखा, पण असतो तेलात कालवलेला. वाळला की रुळावर त्याचा पापुद्रा बसतो आणि करंट चाकापर्यंत पोचत नाही. मी मीटर लावला होता खालच्या वायरींना, वर रुळाच्या माथ्याला नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. खऱ्या लाइनवरही आम्ही रुळांतून बारीकसा करंट सोडतो. गाडीची चाकं आली की सिग्नलला कळतं, इथे गाडी आहे. रुळाचा माथा गंजला तर ते कळत नाही. म्हणून माथा नेहमी स्वच्छ हवा. हा धडा मी त्याच सेंटरमध्ये, गेल्याच आठवड्यात, फळ्यावर चित्र काढून शिकवला होता.

मी रघोत्तमरावांकडे पाहिलं. त्यांच्या जागी मी असतो तर थट्टेची इतकी सुंदर संधी सोडली नसती.

“बेष दिसताहे पण,” ते म्हणाले. “खोडरबर आहे काय? शाईचा, खरखरीत. मज घरी तेच लागते.”

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातले सगळे शाईचे खोडरबर आम्ही उचलून आणले. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने रंग सैल केला, मग मी, एळुमलै, दोन फिटर आणि रघोत्तमराव टेबलाला लागून बसलो आणि रूळ खोडू लागलो. भारतीय रेल्वेचे चार पगारी नोकर परीक्षेतल्या चुका पुसाव्यात तसे रूळ पुसत होते, आणि बँकेचा एक ऑफिसर चष्मा वर करून ते तपासत होता. “येथे राहिले, सार. येथे पण.” साडेपाचला इंजिन एकदा कुरकुरलं, आचका देऊन निघालं आणि दोन्ही स्टेशनं पार करून आलं. एळुमलैंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टर्पेंटाइनमुळे, असं मी सांगितलं.

बुधवारी रघोत्तमराव पुन्हा रजा टाकून आले. साहेब आले. गाडी पहिल्या झटक्याला सुटली. साहेबांनी एक लिव्हर ओढून पाहिला, मग दुसरा, मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पाऊण तास गाड्या सोडत बसले. फायलींचा विषय काढायचा कोणाला धीर झाला नाही.

“काल गाडी बंद होती असं ऐकलं,” निघताना ते एकदम म्हणाले.

मी एळुमलैंकडे पाहिलं.

“धूळ, सार,” रघोत्तमराव शांतपणे इंग्रजीत म्हणाले. “मद्रासमध्ये फार धूळ.”

“तुम्ही कोणत्या डिपार्टमेंटचे?”

“बँक, सार.”

साहेबांना ते कळलं नसावं. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

चार दिवसांनी इन्स्पेक्शन नोट आली. मॉडेल उत्तम चालू आहे, खोली कायम ठेवावी. खाली एक ओळ जास्त होती, ‘रूळ निस्तेज दिसतात, पुढील इन्स्पेक्शनपूर्वी रंगवून घ्यावेत.’

ती नोट मी एळुमलैंच्या हाती लागू दिली नाही. रघोत्तमराव शनिवारी नेहमीप्रमाणे आले, तेव्हा त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि बॅगेतून नवा कोरा खोडरबर काढून माझ्या टेबलावर ठेवला.

त्यांना काय मिळतं, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही. रूम शाबूत राहिली ती त्यांच्यामुळे. आणि तेव्हापासून ‘पूर्ण’ हा शब्द मी कुठल्याही ऑर्डरमध्ये लिहिलेला नाही.