मागे दिलेला हार

हारांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मस्कतमधल्या एका हॉटेलच्या बारमध्ये मी काही वर्षं नाचत होते. हिंदी गाणी, समोर टेबलांशी बसलेले पुरुष आणि स्टेजवर आम्ही मुली. गिऱ्हाइकानं मुलीला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. एखादी आवडली तर त्यानं हाराचे पैसे द्यायचे आणि वेटरनं तो हार तिच्या गळ्यात घालायचा. हार कापडी फुलांचे, चंदेरी झिरमिळ्या लावलेले. ज्यानं पाठवला त्याच्याकडे बघून आम्ही हसायचं, मान लववायची आणि कडवं संपायच्या आत डाव्या हातानं हार काढून मागे धरायचा. वळून बघायचं नाही. वळलं की हसू तुटतं, आणि समोरच्यानं पैसे हसण्याचेच दिलेले असतात. मागे वेटर असायचाच. तो हार घेऊन कोपरात अडकवायचा, आणि दुसऱ्या कुणी हार पाठवला की तोच दुसरीच्या गळ्यात जायचा. फुलं कापडी असल्यामुळे कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

हे ऐकलं की लोकांचा चेहरा लगेच हळवा होतो, त्याचा मला भारी राग येतो. बारमध्ये मला कुणी पळवून आणलं नव्हतं. मला नाचता येत होतं आणि घरी चूल पेटायची होती. वाईट दिवस होते तसे कंटाळवाणेही होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणेच जास्त. आमची खोली हॉटेलमागच्या इमारतीत होती. खोलीतून मागच्या दारानं स्टेजवर आणि स्टेजवरून त्याच दारानं खोलीत. मस्कतला समुद्र आहे हे मी विमानातून पाहिलं होतं तेवढंच.

मग गुडघा कुरकुरायला लागला, आणि माझ्या जागेवर उभं राहायला माझ्याहून लहान मुली आल्या. मी गावी परत गेले, तालुक्याला बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला. बालवाडीच का, असं बहिणीनं विचारलं. त्या कामात दिवस लवकर सुरू होतो आणि दुपारी संपतो, एवढंच मी पाहिलं होतं. तालुक्यात नोकरी मिळेना. तेवढ्यात ओळखीतून कळलं की मस्कतमध्ये बौशरला एका नर्सरीत मराठी बोलणारी बाई हवी आहे. मी हो म्हटलं. परदेशातलं तेवढं एकच गाव मला माहीत होतं, आणि तेही न बघितलेलं.

नर्सरीची मालकीण ओमानी होती. ती अधूनमधून यायची, आम्ही तिला अर्बाब म्हणायचो. सगळा कारभार एका पुणेकर बाईंच्या हातात. त्यांनी पासपोर्टवरचे जुने शिक्के पाहून विचारलं, "आधी होतीस की इथे. काय करायचीस?"

"हॉटेलात होते," मी म्हटलं.

"हाउसकीपिंग?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांनी ठरवावं अशी हलवली.

नवं काम मला वाटलं होतं तितकं नवं नव्हतं. एका मुलाकडे बघून जास्त हसलं की शेजारचा भोकाड पसरतो, त्यामुळे हसू सगळ्यांना सारखं वाटावं लागतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुणाचं रुसणं खरं आणि कुणाचं लक्ष वेधायला, हेही लांबून ओळखू यायचं. अडचण वेगळीच होती. इतकी वर्षं दिवसा झोपायची सवय, त्यामुळे दुपारी मुलांना थोपटताना त्यांच्याआधी मीच घोरायला लागायचे. मुलं मला उठवायची. "ताई, वेक अप, मला पाणी वॉन्ट." असं त्यांचं मराठी. आईबापांना वाटायचं, माझ्यामुळे ते सुधारेल. माझं मात्र इंग्रजी सुधारलं.

वादी अदाईला मी भाड्यानं खोली घेतली होती. सकाळी नर्सरीची व्हॅन न्यायला यायची, दुपारी सोडायची. सुट्टीच्या दिवशी मी समुद्रावर जाऊन बसायचे. असं दुसरं वर्ष संपत आलं आणि व्हिसाही. तो पुन्हा करायचा की नाही हे बाई ठरवणार होत्या, आणि त्या म्हणाल्या होत्या, स्नेहसंमेलन आटोपलं की बघू. माझं काम त्यांना आवडत होतं, पण चोराच्या मनात चांदणं. कुणा पालकानं मला ओळखलं आणि एक शब्द जरी बोलला, तर लहान मुलांच्या शाळेत मला कुणी उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक नवीन बापाकडे मी आधी नीट बघून घ्यायचे. एकही ओळखीचा निघाला नाही.

स्नेहसंमेलन एका हॉलमध्ये होतं. मधमाशी झालेली मुलगी रडली, झाड झालेला मुलगा स्टेजवर बसून राहिला, पालक टाळ्या वाजवत राहिले. शेवटी बाईंनी जाहीर केलं, आता मुलांना सांभाळणाऱ्या आपल्या ताईंचा सत्कार. आम्ही चौघी होतो. प्रमुख पाहुण्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई. बाईंनी रुईच्या बाजारातून ताज्या शेवंतीचे चार हार आणवले होते. हारांचं तबक घेऊन आमच्या मागे उभं राहायचं काम एका पालकाकडे आलं. चिपळूणकडचा माणूस, एसीच्या कंपनीत होता. रडलेली मधमाशी ती त्याचीच मुलगी, माझ्याच वर्गातली. तो अबोल. मुलीला सोडायला आला की मान हलवून जायचा.

पहिली मीच होते. दिवे तोंडावर, समोर अंधारात माणसं. बार सोडल्यापासून मी स्टेजवर चढले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी गळ्यात हार घातला, आणि माझ्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आपोआप आलं. मान लवली. डाव्या हातानं हार काढला आणि मागे धरला, न बघता. जित्याची खोड, दुसरं काय.

सत्काराचा हार लगेच काढून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे कुणालाही काही खटकलं नाही. आणि मागे हात होता. पडणारी वस्तू झेलतात तसा त्यानं हार झेलला नाही. माझी बोटं सुटायच्या आधी त्याची दोन बोटं हाराखाली सरकली आणि वजन अलगद गेलं. तसं घेणं शिकल्याशिवाय येत नाही. मी वळून पाहिलं. हार त्याच्या कोपरात लटकत होता, आणि तो स्वतःच्या त्या हाताकडे असा बघत होता की जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी पुढच्या हारासाठी हात पुढे केला, आणि त्यानं कोपरातला तोच हार दिला. दुसरी केरळची मुलगी. मी केलं तेच करायचं असतं असं समजून तिनंही हार काढून मागे दिला. तिसरीनं तिचं पाहून दिला, चौथीनं तिसरीचं. एकच हार चौघींच्या गळ्यातून फिरला आणि तीन तबकात तसेच राहिले. बाईंचं लक्ष गेलं तेव्हा सत्कार संपला होता.

"आमच्या पालकांनी मोठीच काटकसर केलेली दिसते," बाई माइकवर म्हणाल्या. हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "कोकणातला ना, मग!" पुन्हा हसू. तोही हसला आणि खाली मान घालून चिकटपणाचा शिक्का मुकाट्यानं मारून घेतला. त्याची बायको पुढच्याच रांगेत होती, तीही हसत होती. मग तिनं त्याला माझ्याकडे बघताना पाहिलं, मला त्याच्याकडे बघताना पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

पुढच्या शाळेच्या दिवशी तो मुलीला घेऊन गेटपाशी आला आणि पहिल्यांदाच बोलला, तेही हळू आवाजात.

"ताई, तुमी हितंच होतात? मस्कतला?"

"हो."

"मी तिकडं सोहार गावाला. बारमध्ये वेटर. तुमाला बघितलं नाय मी कधी."

"मीही नाही तुम्हाला."

"बायकोला ठाव नाय. ती समजते, मी रेस्टॉरंटात होतो. बारवाल्याला तिच्या बापानं पोरगी दिली नसती. लग्नाला बोललो नाय, मग ऱ्हायलंच."

"मी कशाला सांगू कुणाला?"

"मी पण तुमचं नाय बोलणार. खलास."

मुलीनं त्याचा हात ओढला. "बाबा, लेट होतंय." रस्त्यापलीकडे गाडीत त्याची बायको बसली होती, आणि काच खाली होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, मुलं झोपल्यावर, बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी आधी स्वतःला चहा ओतला, मग मला.

"एक विचारते, राग मानू नकोस. मधमाशीची आई आली होती. तिचं म्हणणं, तिच्या नवऱ्याची आणि तुझी आधीपासून ओळख आहे. गेटवर कुजबुजत होतात म्हणे. तिनं रडून घेतलं इथे."

"ओळख नाही, बाई."

"मग गेटवर काय चाललं होतं?"

मला त्या माणसाचा मनापासून राग आला. चार शब्द बोलायला त्याला गेटच सापडलं, बायकोच्या डोळ्यांसमोर. सोहारचं सांगितलं असतं तर माझ्यावरचा आळ तिथेच धुतला गेला असता. पण मग त्याच्या घरात काय झालं असतं, ते मला दिसत होतं. आणि नुसतं ओळख नाही, ओळख नाही म्हणत राहिले असते, तर बाईंनी विश्वास ठेवला नसता. मीही ठेवला नसता. माझ्याकडे देण्यासारखी एकच खरी गोष्ट होती, आणि ती दिली की व्हिसा गेला. मला भीती वाटत होती.

"तो मला विचारत होता, हार असा मागे का धरलात," मी म्हटलं. "मी त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते. मी हॉटेलात साफसफाईला नव्हते. बारमध्ये नाचत होते. तिथे हार घातला की काढून मागे द्यायचा असतो, न बघता. त्या दिवशी दिव्यांत उभी राहिले आणि हात आपोआप मागे गेला. मागे कोण उभं आहे ते मला माहीतही नव्हतं. कुणीही असता तरी त्यानं धरलाच असता."

बाईंनी कप खाली ठेवला. शेजारच्या खोलीत एक मूल झोपेत खोकलं. आम्ही दोघींनी कान दिला, पण ते उठलं नाही.

"आणि तोच हार त्यानं पुढे का दिला?" बाईंनी विचारलं.

"ते त्याचं त्याला ठाऊक. काटकसरी असेल."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना किती कळलं हे मला आजही सांगता येणार नाही. मी नजर हलवली नाही. तेवढं मला येतं.

"मुलांशी तू कशी वागतेस ते मी दोन वर्षं बघतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "पालकांना हे कळायचं कारण नाही. अर्बाबलाही नाही. मधमाशीच्या आईला मी सांगते, ओळखबिळख काही नाही, मी चौकशी केलीय. आणि तू त्याच्याशी गेटवर बोलू नकोस. त्याला काही बोलायचं असेल तर डायरीत लिहून पाठवू दे, सगळे पाठवतात तसं."

"बरं."

"पासपोर्ट उद्या घेऊन ये. व्हिसाचं काम यल्ला, पटकन करून टाकू, उगीच लांबायला नको."

मी कप विसळायला घेतले. बाई जाता जाता थांबल्या.

"त्या हारांचं नंतर काय व्हायचं गं? तिथल्या?"

"परत विकायचे, बाई. आमच्याकडे कधी राहिले नाहीत."

त्यांनी फ्रिज उघडला. मुलांच्या दुधाच्या बाटल्यांमागे संमेलनातले उरलेले तीन हार पिशवीत होते. शेवंती अजून बऱ्यापैकी ताजी होती. एक हार काढून त्यांनी माझ्या ओल्या हातात दिला.

"हा घरी ने. परत आणायचा नाही."

त्या निघून गेल्या. माझा डावा हात हार घेऊन मागे जायला लागला होता. मागे नुसती भिंत होती. मग मी तो पुढे घेतला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून उभी राहिले, कारण हार ठेवायचा कुठे असतो ते मला माहीत नव्हतं.