सरपंचाच्या वाळूतली अंडी

"साहेब, सुसर धरून न्या, नायतर आख्खं गाव घेऊन तुमच्या दारात बसतो." दत्तराव सरपंचांनी टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला. त्यांचाच होता.

मी तेव्हा वनपाल होतो. म्हणजे वरच्यांच्या शिव्या खाली आणि खालच्यांच्या वर पोचवणारा माणूस. दत्तरावांचं गाव गोदावरीकाठी. तिथल्या घाटावर आठवडाभर एक सुसर, म्हणजे मगरच, ठाण मांडून बसली होती. मादी होती.

सरपंचांच्या मागे किसन उभा होता, लंगडत आलेला. मासेमारीवर पोट. सुसरीने त्याचा थर्माकोलचा तराफा उलटवला होता आणि पोटरीला सात टाके पडले होते.

"जाळं टाकायला कमरेइतकं पाण्यात जावंच लागतं, साहेब. नाय गेलो तर खायचं काय? अन् गेलो तर ती मला खाती."

माझ्याकडे एक पिंजरा होता. तो लावला, आत आमिषाला कोंबडी ठेवली. दोन दिवस कोंबडी मजेत. तिसऱ्या दिवशी कोंबडी गेली, सुसर नाही. शेजारी तीन दगडांची चूल आणि कांद्याची सालं होती.

मग मी जरा डोकं वापरलं. ही मादी दरवर्षी घाटाच्या खाली, वाळूच्या बेटावर अंडी घालायची. खड्डा करायचा, वीसपंचवीस अंडी पुरायची आणि दोन महिने राखण करायची. कधी कुणाला त्रास नाही. मी बेट बघायला गेलो, तर बेटच नव्हतं. मोठा खड्डा होता आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या.

"पुरानं वाहून गेलं असंल," दत्तराव म्हणाले.

मार्च महिना होता.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बजाजनगर वस्तीतून फोन. सलीम मिस्त्री, एका बांधकामावरचा गवंडी. "साब, रेती छानते छानते अंडे निकले. अजगर के है क्या?"

गेलो. चाळणीशेजारी घमेल्यात चौदा अंडी, बदकाच्या अंड्यापेक्षा मोठी. सुसरीचीच.

"प्लॉट कुणाचा?"

"सरपंच साब का. उनो बोले, किसीकू बोलो नक्को, आमलेट बना लेव."

मी तिथूनच फोन लावला. "दत्तराव, तुमच्या सुसरीची पोरं सापडली. तुमच्या प्लॉटवर आहेत."

तासाभरात ते हजर, हातात माझ्यासाठी उसाचा रस. सुसरबाई तुझी पाठ मऊ, अशी गत.

"साहेब, मुकं जनावर. कशाला धरता तिला? राहू द्या की घाटावर."

"ते किसनच्या पोटरीला सांगा."

पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसलं ते पंचांसमोर लिहून सह्या घेणं. दत्तरावांचं म्हणणं, अंडी लिहा, वाळू लिहू नका. मी विचारलं, "मग अंडी हवेत तरंगत होती असं लिहू?" वाळूही लिहिली. तहसीलवाल्यांनी ती जप्त केली आणि बेटाच्या जागी परत टाकायचा हुकूम दिला. दत्तरावांच्याच ट्रॅक्टरने टाकली. मी खड्ड्याशी उभा राहून अंडी पुरून घेतली.

सुसरीचं अंडं एकदा उलटंपालटं झालं की आतला जीव बहुतेक मरतो. बरीच सडली. पण मादीला ते कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी ती घाट सोडून त्या ढिगाशी जाऊन बसली. जूनमध्ये चार पिल्लं निघाली.

टाके काढल्यावर किसन घाटावरून पाण्यात उतरला. कमरेइतका. तो जाळं टाकून परत येईपर्यंत मी घाटावरच उभा होतो. मला लाज वाटली. आधी पिंजरा लावला आणि नदी नंतर पाहिली, हे माझंच चुकलं होतं.

दत्तरावांनी पुढे सुसर वाचवल्याबद्दल गावात स्वतःचा सत्कार करून घेतला. शाल त्यांना, नारळ मला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सुसरीची तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी एकच विचारायचो, "घराचं बांधकाम चालू आहे का?"