पथ्यावरच्या कोंबड्या

माझ्या मावशीला कुणी प्रेमळ म्हटलं की मला हसू येतं. ती प्रेमळ नव्हती, काटेकोर होती, आणि काटेकोरपणालाच ती प्रेम समजायची. एकतीस वर्षं तिनं एका मोठ्या दवाखान्याच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात काढली. कुणाचं मीठ कमी, कुणाची साखर बंद, कुणाला सगळं पातळ, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. तिथं पेशंटसमोर मिठाची वाटी ठेवायची पद्धत नव्हती. जे द्यायचं ते अन्नात मिसळूनच. "पेशंटला काय कळतंय, त्याला काय हवंय ते?" असं ती म्हणायची. हाताखालच्या बायका पाठीमागे तिला वजनकाटा म्हणत. मी तोंडावर म्हणायचे आणि चिमटा खायचे.

ती निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, झटका आला. उजवं अंग गेलं. काका शिंपी. शिंप्याचा उजवा हात गेल्यावर मागं काय राहतं? वाचाही गेली. 'ये', 'नको' आणि 'बस' एवढे तीन शब्द तेवढे उरले. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. मग मावशीनं परसात जाळी ठोकली आणि सहा कोंबड्या आणल्या. "ह्यांचं मन रमेल, आणि अंडीही मिळतील," म्हणाली. हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही.

मन रमलंच. सकाळी जाळीचं दार उघडायचं, मागच्या दारात खुर्ची टाकायची, मांडीवर मक्याच्या दाण्यांची वाटी द्यायची. काका डाव्या हातानं दाणे फेकायचे आणि "ये, ये" म्हणायचे. झटक्यानंतर त्यांचा तो एकच शब्द कुणीतरी ऐकत होतं. सहाच्या सहा धावत यायच्या. त्यातली एक तांबडी, लठ्ठ आणि आगाऊ, थेट त्यांच्या उजव्या हातावर चढून बसायची. त्या हाताला तिचं वजनही कळत नव्हतं, पण तिला उठवलेलं काकांना चालायचं नाही.

तांबडीच आधी गेली. दोन दिवस शेपूट पाडून कोपऱ्यात बसली होती, अंडं आत अडकलं होतं. पशुवैद्य बाईंनी तपासून सांगितलं, "पोटात चरबी फार झाली होती आणि अंड्याचं कवच कागदासारखं पातळ होतं. हा वरचा खाऊ कमी करा. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको. आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला लागेल ती खाईल."

'जिला लागेल ती खाईल' हे वाक्य मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत येणंच शक्य नव्हतं. तिनं घरी येऊन त्या सल्ल्यात सुधारणा केली. दहावा भाग कोण मोजणार, म्हणून खाऊ साफ बंद. आणि शिंपल्यांचा चुरा सगळ्यांच्या खाद्यात, ढवळून, प्रत्येकीला सारखा. त्याच आठवड्यात तिनं सहा तलंगा आणल्या होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. त्यांनाही तेच खाद्य आणि तोच चुरा. म्हणाली, "आत्तापासून हाडं पक्की झालेली बरी."

काकांची वाटी काढून घेतली तेव्हा ते "नको" म्हणाले. एकदा नाही, चार वेळा. मी तिथंच होते आणि मावशीच्या बाजूनं बोलले, हे मला लिहिलंच पाहिजे. नंतर एकदा त्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात पावाचे तुकडे सापडले, तेही मीच तिला दाखवले. चहाडखोर कुठली.

काही आठवड्यांनी एक तलंग मेली. मग दुसरी. पाणी खूप प्यायच्या, वाळत जायच्या आणि एका सकाळी आडव्या सापडायच्या. मावशी काकांसमोर उभी राहिली. "चोरून देताय ना काहीतरी? खरं सांगा."

काका म्हणाले, "नको."

तीन शब्दांत माणूस आपली बाजू मांडणार तरी कशी? तिसरी मेली तेव्हा तिनं खुर्ची उचलून पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी नेली आणि मागच्या दाराला कडी घातली. मधल्या भिंतीतून कोंबड्यांचा आवाज यायचा. दोन दिवस काका त्या भिंतीला "ये" म्हणत होते. मग तेही थांबलं. जेवायला दिलं की जेवायचे, उठवलं की उठायचे. मावशी मला म्हणाली, "बघ, किती शांत झालेत." मला तेव्हा तिचा राग आला, पण मी गिळला. तो गिळायला नको होता.

कडी घातल्यापासून बाराव्या दिवशी चौथी तलंग मेली. मी म्हटलं, "मावशी, काका तर तिकडे फिरकलेही नाहीत. आता कुणाचं नाव घेशील?" मेलेली तलंग पिशवीत घालून आम्ही दोघी पशुवैद्य बाईंकडे गेलो.

बाईंनी पत्र्याच्या टेबलावर तलंग चिरून उघडली. मूत्रपिंडं सुजलेली होती आणि त्यांवर खडू फासल्यासारखा पांढरा थर.

"हिला शिंपले घातलेत?"

"सगळ्यांनाच घालते. खाद्यात मिसळून. सारखं माप."

"अहो, ही अंडी कुठं घालत होती? कवचच करायचं नाही तर तो चुना जाणार कुठं? आत साचतो. म्हणून तर वेगळं ठेवा म्हटलं होतं. अंड्यावरची कोंबडी आपली जाऊन खाते, बाकीच्या सहसा तोंड लावत नाहीत. त्यांचं त्यांना कळतं."

मावशीनं विचारलं, "आणि खाऊ?"

"हिच्या पोटात खाऊ नाहीच."

अति तिथं माती म्हणतात, ती माती आम्ही दोघींनी मापानं घातली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही म्हणतात. इथं तर फाशी देणाराच चोर होता.

परतताना ती म्हणाली, "एकतीस वर्षांत माझ्या हातून एक ताट चुकलं नाही गं."

"ताटाचं राहू दे. काकांचं काय?"

फार टाकून बोलले. ती रस्त्यातच उभी राहिली. तोंडाला पदर लावला, पण रडू आलं नाही. घरी आल्यावर आधी बाहेरूनच वळसा घालून परसात गेली. मोठ्या कोंबड्यांची आणि दोन राहिलेल्या तलंगांची खाद्याची भांडी वेगळी केली आणि शिंपल्यांचा चुरा निराळ्या पसरट भांड्यात ओतला. मग आत येऊन मागच्या दाराची कडी काढली. मला हात लावू दिला नाही, काकांना एकटीनं धरून धरून मागच्या दारात आणून बसवलं आणि मक्याच्या दाण्यांची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "टाका. हवे तेवढे टाका."

कोंबड्या जाळीपाशी गोळा झाल्या. काकांनी एक दाणा उचलला. फेकला नाही. चिमटीत धरून मावशीच्या समोर केला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"टाका ना," ती म्हणाली.

ते बघतच राहिले. शेवटी तिनं हो म्हणून मान हलवली, तेव्हा दाणा जाळीपलीकडे गेला. मग त्यांनी दुसरा उचलला आणि तोही तिच्या समोर धरला. ती त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. वाटी रिकामी व्हायला तासभर लागला, आणि एकेका दाण्याला तिला मान हलवावी लागली.