गाण्याच्या शेवटी तिचं नाव

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आले ते तोंडाला कुलूप लावूनच. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात भजनाला पुढे उभे राहणारे ते, पण आई गेल्यापासून त्यांनी टाळाला हात लावला नव्हता. जेवा म्हटलं की जेवायचे, चला म्हटलं की चालायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि भीतीही वाटायची. हा माणूस असाच मिटून गेला तर काय करायचं?

शेजारी एक आजोबा राहायचे, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. ऊन उतरलं की घरासमोर खुर्ची टाकून गिटारवर एकाच गायकाची गाणी म्हणायचे. तो गायक त्यांच्या जन्माआधीच वारलेला. कापसाच्या शेतात मजुरी करायचा आणि स्वतः रचलेली गाणी रेडिओवर गायचा. पुढे कंट्री म्युझिक म्हणून जे काही झालं ते याच्यामुळे, असं आजोबांचं म्हणणं. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. सगळी रडगाणी, असं माझं ठाम मत.

एका संध्याकाळी मी बाबांना बाहेर घेऊन बसले होते. आजोबांनी ओळ म्हटली आणि बाबांनी मागून तिचा शेवट उचलला. शब्द नाहीत, नुसता सूर. भजनात पुढच्याने ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची, ही आमची रीत. आजोबा गाता गाता थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, इथे गाणं शांतपणे ऐकतात हो. त्यांना डिस्टर्ब होतं."

"म्हणजे तो एकटाच म्हणणार? मग आपण कशाला बसलोय?"

मी ओशाळून आजोबांना हे सगळं समजावलं. ते मोठ्याने हसले आणि त्यांनी बाबांसाठी दुसरी खुर्ची आणली.

मग रोजच बैठक बसू लागली आणि ऑफिसातून आल्यावर मी त्यांची दुभाषी. एकदा बाबांनी विचारलं, "हे गाणं कशावर आहे?"

बायको गेल्यावर त्याने रचलं, आजोबा म्हणाले. तिची थंड चूल, तिचा खुंटीवरचा कोट.

"त्यात देव कुठे येतो?"

"येत नाही."

"शेवटी स्वतःचं नाव तरी घालतो का? आमचे संत घालतात."

"तेही नाही."

घरी येताना बाबा म्हणाले, "शेतमजुरानं आपल्या बायकोवर गाणं केलं, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं." आवाजात हेवा होता. जन्मभर त्यांनी संतांचेच शब्द गायले. आपलं दुःख गाण्यात घालणं त्यांना आगाऊपणा वाटायचा.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी तेच गाणं सुरू केलं, तर बाबांनी हाताने खूण केली, तुम्ही नुसतं वाजवा. आणि त्या चालीवर ते मराठीत गायला लागले. ओळी बेताच्याच होत्या. साखरेचा डबा सापडत नाही, दारातली तुझी चप्पल कुणी उचलायची, असं काहीबाही. यमकही धड जुळत नव्हतं. मी मात्र पदर नसल्यामुळे टीशर्टच्या बाहीला डोळे पुसत होते.

शेवटची ओळ आली. रचणाऱ्याचं नाव जिथे यायचं, तिथे बाबांनी आईचं नाव घेतलं. तिला नावाने हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घरात कायम 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'.

ओळ मी उचलायला हवी होती, पण माझं तोंड अजून बाहीतच होतं. ती आजोबांनी उचलली. टेक्सासच्या जाड उच्चारांत त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं, आणि बाबांनी ते पुन्हा, अगदी मोकळ्या आवाजात.