प्रमोदिनीबाईंचं डावं पेडल

प्रमोदिनीबाई कॉलेजातली नोकरी सोडून हार्डवेअरचं दुकान काढणार, ही बातमी १९९९च्या दिवाळीत सांगलीतल्या त्यांच्या गल्लीत चकलीबरोबर घरोघरी तळली जात होती. पुरावाही भक्कम! माधवनगरच्या लेथवाल्याकडून नट-बोल्टांची पिशवी सायकलला अडकवून आणताना सगळ्यांनी त्यांना पाहिलेलं.

दुकानबिकान काही नव्हतं. बाई पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि पंचेचाळिशीत त्यांना पीएचडीसाठी पुण्याला जायचं होतं. रजेच्या अर्जावर प्राचार्य लालासाहेबांची सही हवी. ते म्हणाले होते, "मला कळेल असं सांगा, मग बघू."

आता विषय असा, की काही रेणूंना पीळ असतो, उजवा नाहीतर डावा. इलेक्ट्रॉनलाही फिरकी असते, तीही दोनच तऱ्हांची. पिळाच्या रेणूंच्या थरातून एका फिरकीचे इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, असं त्याच वर्षी परदेशात दिसलं होतं. लोहचुंबक नाही, काही नाही, नुसता पीळ! म्हणून बोल्ट हा रेणू, नट हा इलेक्ट्रॉन. बाईंनी अर्धे बोल्ट सुलट्या आट्यांचे सांगितले होते, अर्धे उलट्या.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये पिशवी ओतली, तर सगळे बोल्ट सुलटेच! लेथवाला अर्जुना पिशवी देताना "आवं बाई, तुमची चूकबी दुरुस्त केलीया" असं का म्हणाला, ते आत्ता उमगलं. क्षणभर बाईंना पुणं फार लांब वाटलं.

लालासाहेब खुशीत आले. "त्यात काय! बोल्ट उलटा धरा, झाला डावा."

"धरा की सर. लावा नट."

सरांनी बोल्ट वर तोंड करून धरला, खाली तोंड करून धरला. नट आपला त्याच फिरकीनं चढला.

"आता बाहेर चला," बाई म्हणाल्या. पोर्चमध्ये त्यांनी आपल्या सायकलशी सरांना उभं केलं आणि हातात पाना दिला. "डावं पेडल काढा."

सर नेहमीच्या सवयीनं पाना फिरवताहेत आणि पेडल आणखीच घट्ट बसतंय! बाईंनी पाना घेतला, उलटा दाबला, पेडल हातात.

"याचे आटे डावे. रेणूचंही असंच. फक्त तिथं दुसरी फिरकी पुरती अडत नाही, कमी सुटते."

सरांनी घाम पुसला. "कळलं बुवा! पण बाई, या वयात? सहा महिन्यांत मन बदलेल, परत याल."

"सर, बोल्ट तुम्ही वरून धरलात, खालून धरलात. बदलला का? मग मी कशी बदलेन? मी पेडल बसवते, तोवर सही होऊ द्या."