फुलाबाईचा घोट

आमच्या बोळात फुलाबाईसमोर एकट्यानं काही खायची कुणाची बिशाद नव्हती. भवानी पेठेत तिचं नि माझं दार समोरासमोर. मी तोंडाची फटकळ, तिचा हात सैल, तरी आमचं जन्मभर पटलं. टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाईला जाते. दुपारी डबा उघडला की आधी शेजारणींच्या हातावर शेंगाची चटणी, मग हिची भाकरी. गड्ड्याच्या जत्रेतनं चिवड्याची पुडी घेतली तर घरी येईस्तोवर नुसता कागद उरायचा. मी म्हणायची, अगं, तू काय धर्मशाळा हायस का? ती नुसती हसायची.

त्यातनं कुणी पोटुशी बाई दिसली, की मग विचारूच नका. त्याला कारण होतं. फुलाबाई मूळची माढ्याकडची, धनगराच्या घरची. बिरुदेव पोटात असताना मेंढरांमागं फिरताना ती एका गुऱ्हाळावरनं चालली होती. काकवीचा वास सुटलेला. जीव नुसता तुटला, पण मागायची लाज वाटली आणि कुणी आपणहून विचारलं नाही. पुढं बिरुदेवचा कान फुटला आणि वर्षानुवर्षं वाहत राहिला. अजून डाव्या बाजूनं हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही. पोटुशीसमोर खाल्लं आणि तिला घास दिला नाही तर लेकराचा कान फुटतो, हे आपण सगळ्याच ऐकून असतो. फुलाबाईच्या तर ते घरात घडलेलं. तिला कोण काय सांगणार?

बिरुदेव आता टेम्पो चालवतो. त्याची बायको पूनम, लई गुणाची पोरगी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना. देव झाले, दवाखाने झाले, आणि गेल्या साली एकदाचे दिवस राहिले. फुलाबाईला आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यातल्या मऊ चिंध्या आणून तिनं दुपटं शिवायला घेतलं. शिवायची, आवडलं नाही की उसवायची, परत शिवायची.

पूनमच्या आईला साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पूनमला साखरेची तपासणी करायला सांगितली. उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, मग ग्लुकोजची अख्खी पुडी पाण्यात कालवून प्यायची आणि दोन तासांनी परत रक्त द्यायचं. एवढी साखर अंगाला जिरवता येते का, ते त्यातनं कळतं. नर्सनं बाटलीभर पाण्यात पुडी कालवून, वर लिंबू पिळून दिलं, सगळं संपवा म्हणून बजावलं आणि ती पुढच्या बाईकडं गेली.

बाकड्यावर पोटुशा बायांची रांग. सकाळपासून ताटकळलेल्या, आणि सगळ्यांची नजर पूनमच्या बाटलीवर. फुलाबाईला ते कसं सोसावं? एवढ्या पोटुशा बघत असताना आपली सून एकटीच गोड पिणार? तिनं बाटली घेतली आणि एकेकीच्या ओंजळीत घोट घोट ओतला. शेजारी जुलेखा नावाची एक पोरगी बसली होती. ती लाजून नको नको म्हणाली, म्हणून तिला जरा जास्तच. तळाला राहिलं ते पूनमनं नाक दाबून प्यायलं. सासूला अडवणार कसं? आणि पहिल्याच घोटाला मळमळत होतं, त्यामुळं सुटल्यासारखंच वाटलं, असं तिनंच मला पुढं सांगितलं.

रिपोर्ट चांगला आला. साखर नाही. त्या संध्याकाळी फुलाबाईनं बोळभर शिरा वाटला, मीसुद्धा खाल्ला. मग पूनमला रोज काही ना काही गोड. कधी खीर, कधी लापशी, कधी लाडू. पोट चांगलंच मोठं दिसायला लागलं तशी फुलाबाई सांगत सुटली, आत पैलवान हाय म्हणून.

नववा महिना लागला आणि एका सकाळी पूनम म्हणाली, बाळ हलत नाही.

मी डबा घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. भरलेले गाल, डोकंभर जावळ, वजन चार किलोच्या वर. इतकं भरल्या अंगाचं लेकरू असं निपचित बघायची वेळ वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. त्या दुपट्यातच गुंडाळून बिरुदेवनं तिला नेलं.

लेकराचं वजन बघून डॉक्टरीणबाईंनी पूनमचं रक्त परत तपासलं. साखर चढलेली. मग तेव्हा दिसली कशी नाही? त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी बाटली सगळी संपवली होतीस ना? पूनमनं भिंतीकडं तोंड फिरवलं. उत्तर फुलाबाईनं दिलं.

"एकटी कशी पील ओ ती? पोटुशा बाया बसल्या हुत्या की. समद्यांना घोट घोट दिलं मी."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. पुडी पुरती पोटात गेली नाही तर रक्तात साखर कमीच दिसणार. आजार होता, तो झाकून राहिला. कळला असता तर पथ्य करता आलं असतं, औषध देता आलं असतं. याच्यामुळंच लेकरू गेलं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. पण ते फुलाबाईच्या कानात शिरलंच नाही.

तेव्हापासून ती कारखान्यात भिंतीकडं तोंड करून जेवते. कुणाला देत नाही, कुणाचं घेत नाही. दिवाळीला तिच्या घरनं फराळाचं ताट आलं नाही. मला राग येतो, पण कुणावर काढू? उपाशी पोटुशीच्या तोंडात घास पडावा म्हणून कुण्या शहाण्या बाईनं घातलेली रीत ती. चांगलीच रीत. त्या रीतीनंच घात करावा का? पूनम सासूला एका शब्दानं बोलली नाही. ते तर फार वाईट. दोघी एका घरात वावरतात आणि कामापुरतं बोलतात.

परवा ती जुलेखा आली, पत्ता विचारत विचारत. कडेवर गुटगुटीत पोरगा, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी दारातच होते, पण तिला थांबवायचं मला सुचेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. मी मागोमाग गेले.

"अम्मा, त्या दिवशी मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं," जुलेखा म्हणाली. "तुम्ही ओंजळ भरून दिलं. म्हटलं, पोरगं तुम्हाला दाखवायचंच."

फुलाबाईनं पोर मांडीवर घेतलं. टोपडं सारून दोन्ही कानांमागनं बोट फिरवलं. कान चांगले आहेत म्हणाली. जुलेखानं विचारलं, सूनबाईंना काय झालं?

फुलाबाई पोराचं टोपडं परत नीट बसवायला लागली. तेवढ्यात पूनम स्वयंपाकघरातनं बाहेर आली.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "झोपलीय."

जुलेखा आनंदानं गेली. दार लोटल्यावर पूनमनं बॉक्समधला एक पेढा घेतला, मोडला आणि अर्धा सासूच्या तोंडाशी धरला. किती दिवसांनी तिनं असं काही केलं होतं. माझे तर डोळे भरून आले.

फुलाबाईनं तोंड उघडलं नाही. सुनेचा हात धरून तिनं तो अर्धा पेढा परत तिच्याच ओंजळीत ठेवला आणि वरनं तिची बोटं मिटली.

"तू खा बाई," ती म्हणाली. "समदं तू एकटीनं खा."