पिंगळीहून थेट, दुपारी साडेतीन

मागच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी, दुपारी साडेतीन वाजता, स्कॉटलंडमधल्या अबर्डीन शहरात दीडशे लोकांसमोर मी बनियनवर उभा होतो. प्रत्यक्षात मी परभणीजवळच्या पिंगळीत होतो आणि समोर कुणी आहे याची मला कल्पना नव्हती.

घटनाक्रम असा. माझी मुलगी मीनल अबर्डीनला राहते. तिथल्या मराठी मंडळींचा पाडव्याचा कार्यक्रम मार्चअखेर एका सभागृहात होतो. तेव्हा तिथे वसंत आलेला असतो, म्हणजे लोक दोनऐवजी एकच स्वेटर घालतात. शेजारपाजारचे स्कॉटिश लोकही येतात. मीनलचं समितीतलं ते पहिलंच वर्ष. बाकीच्यांना सिनेमाच्या गाण्यांवर नाच हवे होते. हिने भांडून सुरुवातीची दहा मिनिटं मिळवली : पिंगळीहून थेट, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या!

"ही दहा मिनिटं वाया गेली ना बाबा, तर पुढं मला तिथं फक्त चहाचे कप धुवायला ठेवतील," ती फोनवर म्हणाली. "आणि वेळ नीट लिहून घ्या. आमच्याकडे अकरा म्हणजे तुमच्याकडे..."

"वेळ तू मला सांगू नकोस. मी तीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत."

ब्रिटन आपल्यामागे साडेपाच तास. अकरा अधिक साडेपाच, म्हणजे साडेचार. मी ते कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली आणि सही केली. (सवय.)

आक्का माझी थोरली बहीण, पिंगळीला दिलेली. परभणीहून पिंगळी रेल्वेने एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. त्याआधी मी तिथे कधी गेलो होतो, याची नोंद सापडत नाही. रविवारी दुपारी मी पोहोचलो तेव्हा तिने ओसरीवर जातं मांडून ठेवलं होतं आणि सुपात ज्वारी होती.

"एवढी कशाला? मूठभर पुरे. नुसतं दळल्यासारखं करायचं."

"दळल्यासारखं?" आक्का म्हणाली. "आरं, मग गायल्यासारखं बी करू का?"

तिची दुसरी अट अशी की फोन तिच्या तोंडासमोर नको. "मशीनकडं बघून मला ओवी येत न्हाई. मी ज्वारीकडं बघनार."

मी तोडगा काढला. फोन कोनाड्यात, पडदा भिंतीकडे, पाठीमागचा कॅमेरा ओसरीकडे. (पाठीमागच्या कॅमेऱ्याचं चित्र जास्त चांगलं येतं, हे मीनलनेच सांगितलं होतं.) ऐन वेळी जोडणी मिळत नाही, हा माझा वार्ताहरकीपासूनचा अनुभव. म्हणून मी तीन वीसलाच जोडणी सुरू केली. पडद्यावर तिथले लोक खुर्च्या मांडत होते. बरोबर! कार्यक्रमाला तास-सव्वातास असला की खुर्च्याच मांडतात. त्यांच्या गलबल्याने आक्का बिचकू नये म्हणून फोनचा आवाज पूर्ण कमी केला. आपला माइक मात्र चालू ठेवला, नंतर विसरायला नको. मध्ये कुणाचा फोन येऊ नये याचीही सोय लावली आणि मगच फोन कोनाड्यात ठेवला. इतकी चोख तयारी मी निवडणुकीच्या निकालालाही केली नव्हती.

मग सदरा चुरगळू नये म्हणून काढून खुंटीला अडकवला आणि हातात चार पानं घेऊन प्रास्ताविकाची तालीम सुरू केली.

"जातं हे केवळ दळणाचं साधन नसून..."

"मग काय हाय?" आक्काने विचारलं.

"ऐक तर. जातं हे केवळ दळणाचं साधन नसून ग्रामीण स्त्रीच्या भावविश्वाचं..."

"भाऊ, पोट आत घे अन् मंग वाच. लय सुटायलंय."

"प्रास्ताविकात व्यत्यय आणू नकोस!"

"तू बोलत बस. मी तवर हात साफ करते."

तिने जात्यात घास टाकला. खुंटा फिरू लागला, घरघर सुरू झाली. पहिली ओवी आली ती अशी :

"बंधू आला पाव्हना, घोंगडी टाकिते बसाया,
कागूद घेऊन हातात, मला लागला शिकवाया."

"आक्का, हे कार्यक्रमात म्हणू नकोस."

"कार्यक्रमाला टाइम हाय म्हनलास की."

"आहे. एक तास आहे."

"मंग गप."

"जलमभर बंधवानं बातम्या जगाच्या छापिल्या,
बहिनीच्या दाराच्या वाटा कशा गं इसरल्या?"

तिसऱ्या ओवीत माझं पोट आलं. चौथीत मी लहानपणी दळणाचं पीठ रस्त्यात सांडून घरी मांजरावर ढकललं होतं, ते प्रकरण तपशिलासह आलं. मी हातातली पानं हलवून तथ्यांना हरकत घेतली. "अर्धंच सांडलं होतं!" आक्काने पाचव्या ओवीत "अर्धं" अशी दुरुस्ती केली. शेवटी मी पानं खाली ठेवली, समोर बसलो आणि खुंट्याला हात लावला. दोन फेऱ्यांत मला धाप लागली.

सूप रिकामं झालं, तेवढ्यात शेजारच्या कडूबाई मोबाइल घेऊन ओसरीवर आल्या.

"भाऊ, परभनीहून वैनीचा फोन हाय. सदरा घाला म्हनायल्यात."

"आत्ताच कशाला? पाऊण तास आहे अजून."

"न्हाई म्हनं. मीनलनं कळवलंय वैनीला, तिकडं समदे बघायलेत."

मी कोनाड्याकडे गेलो आणि फोन फिरवला. सभागृह गच्च भरलेलं होतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक स्कॉटिश आजी बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला. मीही हलवला. मग सदरा घातला आणि फोनचा आवाज वाढवला.

"बाबा!" मीनल ओरडत होती. "आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढं गेलीत. मार्चअखेर दर वर्षी जातात! मी सांगत होते ना!"

इंग्लंडमधली कसोटी सकाळी अकराला सुरू होते, ही ओळ मी तीस वर्षं छापली. भारतीय वेळ दुपारी साडेतीन, ही ओळही तिच्याखाली छापली. दोन्हींची वजाबाकी कधी केली नाही.

"आक्का," मी म्हणालो, "पुन्हा एकदा म्हण. आता खरा कार्यक्रम सुरू आहे. मी प्रास्ताविक करतो."

"आता? दळन सरलं. रिकामं जातं फिरवत नसतेत," आक्का म्हणाली आणि पीठ भरायला लागली.

मी फोनकडे वळलो. "मीनल, तुझी दहा मिनिटं..."

"सतरा झाली बाबा. कुणी मधे थांबवू देईना."

"पण त्या स्कॉटिश लोकांना काय कळलं?"

"मी प्रत्येक ओवी इंग्रजीत सांगत होते ना."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. मांजराची दोनदा. आजींनी परत सांगायला लावली."

यंदाची कार्यक्रमपत्रिका गेल्या आठवड्यात आली. पहिल्या क्रमांकावर 'पिंगळीहून थेट : जात्यावरच्या ओव्या' आहे. वेळ पंधरा मिनिटं. खाली भारतीय वेळ ठळक अक्षरांत छापली आहे. गायिका म्हणून आक्काचं नाव आहे. निवेदनापुढे कडूबाईंचं नाव आहे. माझं नाव शेवटच्या ओळीत आहे : 'जात्याला हात'.